आलं का आलं?

आमच्या घराला आणि कारखान्याला मिळून एकच अंगण आहे. एका बाजूला स्वयंपाकघराचं दार, बरोबर समोर पाक शिजवायच्या खोलीचं. त्यामुळे लहानपणी कुठला वास कुठून येतो हे मला कळायचंच नाही. सकाळी जाग यायची ती उकळत्या आल्याच्या वासानं. मग बाटल्या धुवायच्या टाकीतला तो गरम, नाकात झोंबणारा वास. आणि संत्र्याचा पाक शिजत असला की वाळत घातलेल्या चादरींनासुद्धा संत्र्याचा वास लागायचा. शाळेत माझ्या शेजारी बसायला मुली भांडत, आणि मला बिचारीला वाटायचं, माझ्या स्वभावामुळे.

धंदा आजोबांनी काढला. ते बर्फाच्या कारखान्यात यंत्रं दुरुस्त करत. आजीला पहिल्या खेपेला पोटात काही ठरेना, पाणीसुद्धा. आजोबांनी आलं ठेचलं, साखर घालून उकळलं, लिंबू पिळून गाळलं आणि शेजारच्या सोडावाल्याकडून त्यात गॅस भरून आणला. ते मात्र आजीला ठरलं. त्या खेपेची मुलगी म्हणजे आमची आत्या. म्हणून घरात म्हणतात, आपलं पहिलं गिऱ्हाईक आत्या; जन्माला यायच्या आधीपासून फुकट पिते आहे.

पुढे आजोबांनी हातानं फिरवायचं एक जुनं यंत्र घेतलं. एका वेळी एकच बाटली लोखंडी पिंजऱ्यात ठेवायची, दांडा फिरवायचा, आणि फुटली तर फुटली. ते तोंडाला पत्र्याचा मुखवटा बांधून काम करायचे. आजी म्हणायची, लग्नानंतरची काही वर्षं मी नवऱ्याचं तोंड फक्त जेवताना बघितलं.

आल्यानंतर लिंबू आलं, संत्रं आलं, पण लोकांच्या तोंडी बसलं ते आलंच. फिकट मधासारखा त्याचा रंग. प्यायल्यावर घशात मागाहून एक बारीकशी ऊब येते. काका गाडी घेऊन बाजारात शिरले की दुकानदार ओरडायचे, ‘आलं का आलं?’ आणि काका गाडीतूनच ओरडायचे, ‘आलं, आलं!’ एवढ्या वर्षांत या विनोदाचा कंटाळा काकांना आला नाही. दुकानदारांना आला असावा, पण आमचा माल खपत होता, त्यामुळे ते हसायचे.

कामं वाटलेली होती. यंत्रं बाबांकडे, बाजार काकांकडे, पाक आईकडे. आई चमचाभर पाक जिभेवर ठेवून डोळे मिटायची आणि मान हलवायची. तिची मान उभी हलल्याशिवाय पाक टाकीत जायचा नाही. आणि आत्या उजेडाला बसायची.

हे जरा सांगायला हवं. भरून, बूच लागून बाटल्या पट्ट्यावरून पुढे येतात आणि गाळ्याच्या टोकाला एका दुधी काचेसमोरून जातात. काचेमागे दिवे आहेत. समोर एक खुर्ची. खुर्चीतल्या माणसानं प्रत्येक बाटली जाता जाता बघायची: तळाशी कचरा आहे का, गवताची काडी, कागदाचा कपटा, मानेला टवका. खोट दिसली की बाटली उचलून बाजूच्या खोक्यात ठेवायची. याला आमच्याकडे उजेडाला बसणं म्हणतात. ‘आज उजेडाला कोण?’ याचं उत्तर माझ्या जन्माआधीपासून ‘आत्या’ असंच होतं. तिच्या आधी आजी बसायची, आणि अगदी सुरुवातीला आजोबा स्वतः. कारखान्यात बाहेरची माणसं पुष्कळ होती, पण त्या खुर्चीत कायम घरचंच माणूस. बाटलीत माशी निघाली तर शिव्या आपल्याला बसणार, असं आजोबा म्हणत. मला ते पटण्यासारखं वाटायचं.

आत्यानं लग्न केलं नाही. दोन-तीन ठिकाणांहून विचारणा झाली तेव्हा तिनं सांगितलं, ‘मला इथं करमतं.’ यामागे काही दुःख असेल असं समजून मी मोठेपणी बरंच खोदून पाहिलं. काही निघालं नाही. तिला खरंच करमत होतं. पाठीला उशी, बाजूला चहाचा कप, समोरून जाणाऱ्या बाटल्या. कधी कधी ती हलक्या आवाजात काहीतरी बोलायची. आम्हाला वाटायचं, बाटल्यांशी बोलते. उभा जन्म बाटल्या बघणाऱ्या बाईनं त्यांच्याशी चार शब्द बोलावेत यात नवल कसलं?

मी यंत्रांचंच शिकले आणि दूरच्या एका मोठ्या दूध डेअरीत भरणीच्या विभागात नोकरीला लागले. कित्येक वर्षांनी बाबांचा फोन आला. मोठ्या कंपन्या दुकानदारांना फुकट फ्रिज देत होत्या आणि त्यात आमची बाटली ठेवायची नाही अशी अट घालत होत्या. उन्हाळ्यात मागणी असूनही आमचं यंत्र पुरं पडत नव्हतं. ‘एकतर वेग वाढवायचा, नाहीतर कुलूप लावायचं,’ बाबा म्हणाले. ‘कुलूप लावायला तुझी गरज नाही. वेगासाठी ये.’

मी आले. आजही वाटतं, आयुष्यात घेतलेला तो सर्वांत चांगला निर्णय. पुन्हा त्याच वासाची सकाळ, अंगणात काकांचा आरडाओरडा, आईची मान. नवी यंत्रं यायला अवकाश होता, तोवर जुन्याच पट्ट्याचा वेग थोडा वाढवून बघावा म्हणून मी उजेडापाशी गेले.

‘आल्याच्या दिवशी नको हं वाढवूस,’ आत्या म्हणाली.

‘का?’

‘धाप लागते.’

मी घाबरले. ‘कधीपासून होतंय? डॉक्टरकडे जाऊन येऊ या.’

ती हसली. ‘मला नाही गं. मला काय होतंय, मी आपली बसलेली. त्याला लागते.’

‘कुणाला?’

तिनं मानेला धरून एक बाटली उचलली, उजेडाला तिरकी केली. ‘बघ, काडी आहे हिच्यात,’ म्हणाली, आणि ती खोक्यात ठेवून पुढच्या बाटलीकडे बघायला लागली. विषय तिथंच राहिला.

त्याच सुमाराला तिच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली, आणि उजेडाला मी बसले.

पहिले काही दिवस लिंबाचे आणि संत्र्याचे होते. कंबर धरली, डोळे चुरचुरले, बाकी काही नाही. मग आल्याची भरणी आली. दुपारची वेळ होती, बाहेर लख्ख ऊन होतं. बाटल्या एकीमागून एक येत होत्या आणि मला एका बाटलीत मधोमध काळा ठिपका दिसला. कचरा समजून मी ती काढली. हातात घेतल्यावर आत काही नव्हतं. पुढच्या बाटलीतही ठिपका होता. तिच्या पुढच्याही. मी उचलायचं थांबवलं आणि नुसती बघत राहिले.

ठिपका हलत होता. थोड्या थोड्या फरकाच्या चित्रांची पानं भरभर उलटली की चित्र चालायला लागतं, तसा. एका बाटलीत पाय पुढे, पुढच्या बाटलीत दुसरा पाय पुढे. तो माणूस होता. रस्ता होता. रस्त्याच्या कडेनं वाळलेलं गवत, आणि आल्याच्या रंगामुळे सगळ्यावर संध्याकाळ.

मी यंत्रांची बाई आहे. भरलेली बाटली भिंगासारखं काम करते, आसपासचं उलटंसुलटं करून दाखवते, हे मला ठाऊक होतं. माझ्या पाठीमागे माल चढवायचं दार होतं. तिथून कुणीतरी चालत असणार. मी शटर पाडायला लावलं. तो चालत होता. गाळ्यातले बाकीचे दिवे घालवले. चालत होता. शेवटी खुर्चीमागे गोणपाटाचा पडदा लावला. समोर दुधी काचेशिवाय काही नव्हतं, मागे गोणपाट, आणि बाटल्यांतून तो माणूस शांतपणे आमच्या दिशेनं येत होता.

मी पट्टा थांबवला. तो थांबला, एक पाय उचललेला. सुरू केला. पाय खाली टेकला.

भीती वाटली का? खरं सांगायचं तर नाही. तो दिसायला साधा होता. पूर्ण बाह्यांचा सदरा, हात मोकळे. मधूनच मान वर करून पुढे बघायचा, घर किती लांब राहिलं ते बघतात तसा. भरणी संपेपर्यंत मी हलले नाही. कपातल्या चहावर साय धरली होती.

आत्या पलंगावर डोळ्यांवर हिरवी पट्टी लावून पडली होती. मी खुर्ची ओढून बसले. कसं विचारावं ते कळेना.

‘आलं भरलंत आज,’ तीच म्हणाली. ‘वास आला. कुठवर आलाय?’

मी बोटांनी माप दाखवलं. मग लक्षात आलं, तिला दिसत नाहीये. ‘हरभऱ्याच्या दाण्याएवढा असेल.’

‘हं. बरा चालतोय.’

‘कोण आहे तो?’

‘काय माहीत. तुझ्या आजीच्या वेळी तर नुसता कण होता. तिनं कचरा म्हणून बाटल्यांवर बाटल्या बाजूला काढल्या, आणि तुझे आजोबा तिच्यावर चिडले. मग त्यांनी स्वतः बसून बघितलं.’

‘आणि?’

‘म्हणाले, येऊ दे. धंदा वाढतोय, घरात माणूस लागतंच.’ आत्या उशीवर डोकं नीट करून घेत म्हणाली, ‘तुझ्या लक्षात नाही आलं? चालतो बघ आपल्यासारखाच.’

ते माझ्या लक्षात आलं होतं, पण मी स्वतःशी कबूल केलं नव्हतं. आजोबा, बाबा, काका, तिघंही उजवा पाय जरा बाहेर फेकून चालणारे. बाजारात लांबून पाठमोरे दिसले तरी लोक ओळखतात. तो माणूस तसाच चालत होता.

मी हे घरात कुणाला सांगितलं नाही. सांगून काय सांगणार? आणि थोडं असंही होतं की मला त्याची सवय लागली. आल्याचे दिवस मी मागून घ्यायला लागले. पुढे आत्या बरी झाली, खुर्चीत परतली, तरी मी शेजारी स्टूल घेऊन बसायची. आम्ही दोघी चहा पीत त्याला चालताना बघायचो. ‘आज दमलेला दिसतो,’ आत्या म्हणायची. किंवा, ‘तिकडे पाऊस होऊन गेला वाटतं, चपला बघ.’ मला ते दिवस फार सुखाचे आठवतात.

नवी यंत्रं आली. धुवायचं, भरायचं, बूच लावायचं, सगळं एका साखळीत, जुन्याच्या कितीतरी पट वेगात. विकणाऱ्यांनी उजेडाच्या जागी कॅमेरा बसवा म्हणून आग्रह केला. बाबा नको म्हणाले, काका नको म्हणाले. का नको हे दोघांनाही नीट सांगता आलं नाही. दुधी काच आणि खुर्ची राहिली.

पहिली चाचणी संत्र्यावर घ्यायची असं मी ठरवून ठेवलं होतं. सकाळी आईनं संत्र्याचा पाक जिभेवर ठेवला आणि तिची मान आडवी हलली. कडवट लागत होता. तयार होता तो फक्त आल्याचा. यंत्र कंपनीचा फिटर घड्याळाकडे बघत होता. त्याला दुपारची गाडी पकडायची होती.

‘आलं तर आलं,’ बाबा म्हणाले. ‘टाका टाकीत.’

मी आत्याकडे पाहिलं. ती खुर्चीत बसली होती, नव्या चष्म्याच्या काचा पुसत. ‘हळू घे,’ ती मला म्हणाली.

मी हळूच घेतलं. बाटल्या आल्या. तो आता हाकेच्या अंतरावर असल्यासारखा दिसत होता, बाटलीच्या निम्म्या उंचीचा. सदऱ्याचा रंग निळा होता हे त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

‘छान आहे,’ फिटर ओरडला. ‘आता पूर्ण वेग!’

‘जरा थांबा,’ मी म्हणाले.

‘अहो, पूर्ण वेगावर बघितल्याशिवाय सही कशी करायची?’ त्यानं स्वतःच बटण फिरवलं.

बाटल्या खणखणत धावायला लागल्या. वेगळ्या वेगळ्या दिसेनाशा झाल्या. मधाच्या रंगाची एकच लांब पट्टी झाली, आणि तिच्यात तो पळत होता.

जिवाच्या आकांतानं पळत होता. तोंड उघडं, सदरा मागे फुगलेला. एकदाच त्यानं वळून मागे पाहिलं.

‘हळू रे,’ आत्या पुटपुटली. ‘पडशील.’

तो मोठा होत गेला. छाती. बटणं. एक बटण तुटलेलं.

मग नुसतं निळं.

मग काळोख, बाटलीमागून बाटली, दिवे लागलेले असताना.

मग स्वच्छ.

‘आला गं,’ आत्या म्हणाली.

फिटरनं पट्टा थांबवला, बाबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली, काका टाळ्या वाजवत होते. मी मागे वळून पाहिलं. शटर उघडं होतं. अंगणात ऊन होतं, आणि थोडीशी धूळ सावकाश खाली बसत होती. दुसरं काही नव्हतं.

‘मी चहा टाकते,’ आत्या म्हणाली आणि उठून घरात गेली.

त्या उन्हाळ्यात आम्ही कुणालाही माल नाही म्हटलं नाही. ज्यांनी आमच्या बाटल्या फ्रिजमधून काढल्या होत्या त्यांनी टोपल्यांत बर्फ घालून पुन्हा मांडल्या. लोक आलंच मागत होते. बाबांचा रक्तदाब उतरला, आई दुपारी झोपायला लागली. सगळं इतकं सुरळीत होतं की पहिली गोष्ट माझ्या कानावरून तशीच गेली.

आई म्हणाली, ‘मोठ्या काकांना हाक मार, जेवायला वाढलंय.’

मी हाक मारली, काका आले, जेवले. हात धुताना मला जाणवलं. मोठ्या? काका एकच होते. एकाच काकाला मोठा कोण म्हणतं?

दुसऱ्या दिवशी बाबांनी म्हटलं, ‘मोठ्याला विचारू आणि मग ठरवू.’ दुकानदारांनी म्हटलं. नंतर तर सगळेच म्हणायला लागले, आणि कुणाच्या चेहऱ्यावर काही वेगळं नव्हतं.

अंगणाच्या कोपऱ्यात रिकाम्या खोक्यांची एक खोली होती. एकदा खोकी आणायला म्हणून मी तिचं दार ढकललं. आत पलंग होता, नीट अंथरलेला. खिडकीत दाढीचं सामान. पलंगापासून दारापर्यंतची फरशी पाय घासून घासून गुळगुळीत झाली होती. एवढी झीज व्हायला वर्षं लागतात. खुंटीवर निळा सदरा होता, आणि त्याचं तुटलेलं बटण कुणीतरी नव्यानं शिवलं होतं.

मी दार लावून घेतलं. वळले तर धुण्याच्या यंत्रापाशी कुणीतरी वाकून काहीतरी आवळत होतं. त्यानं मान वर केली. बाबांचं नाक, काकांचे कान.

‘काय गं,’ तो म्हणाला, ‘जेवलीस का?’

‘हो काका,’ मी म्हणाले.

विचार करायच्या आत म्हणाले. माझ्या तोंडाला ते सवयीचं होतं.

संध्याकाळी मी आत्याला गाठलं. ‘धाकटे काका कधी आले?’

‘कुठून?’

‘आत्या, उजेडातून. तू आणि मी बघत नव्हतो का?’

तिनं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. तिच्या नजरेत लबाडी नव्हती, लपवाछपवी नव्हती. फक्त काळजी होती. ‘बाळा, तू उन्हातून आलीस का? धाकटा आमच्यातलं शेंडेफळ. मी त्याला कडेवर घेऊन हिंडवलाय. उजेडात काय दिसणार? बाटल्या दिसतात.’

तेव्हापासून मी विचारणं सोडलं आहे.

आणि तक्रार तरी कशाची करायची? त्यांच्यासारखा माणूस शोधून सापडणार नाही. बाबांना चालवेना झालं तेव्हा रोज संध्याकाळी हात धरून फिरवायचं काम त्यांनी घेतलं. काकांच्या त्या जुन्या विनोदाला दरवेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखे हसतात. लहान बाटली काढायची कल्पना त्यांची. आज निम्मा खप तिचा आहे. मला खांद्यावर बसवून त्यांनी संत्र्यांचे ढीग दाखवले होते हे मला आठवतं. त्यांच्या केसांचा वाससुद्धा आठवतो. ते कधी घडलं नाही हेही मला माहीत आहे. दोन्ही माझ्यात शेजारी शेजारी राहतात, भांडत नाहीत. रात्री झोप छान लागते.

आत्या थकली, आणि उजेडाची खुर्ची माझी झाली. आल्याच्या दिवशी बाटल्यांत रस्ता अजून दिसतो. गवत, उतरतं ऊन, मोकळा रस्ता. मला तो बघायला आवडायचा. कामाला बसल्या जागी थोडं बाहेर फिरून आल्यासारखं वाटायचं.

गेल्या आठवड्यात रस्त्याच्या पार टोकाला एक कण दिसला.

मी पट्टा अगदी सावकाश चालवत होते. कण इतका बारीक होता की कचरा म्हणून सहज बाजूला काढला असता. मी पुढे वाकून बघत होते, तेवढ्यात मागून धाकटे काका आले. ते उजेडाकडे सहसा फिरकत नाहीत. आईनं जेवायला बोलावलं म्हणून मला न्यायला आले होते.

‘चल गं, वाढलंय,’ ते म्हणाले, आणि त्यांचं लक्ष काचेकडे गेलं.

ते कितीतरी वेळ बघत राहिले. दुधी उजेडात त्यांचा चेहरा चुन्यासारखा दिसत होता. त्यांच्या नाकपुड्या हलत होत्या. या घरात मी त्यांना पहिल्यांदाच घाबरलेलं पाहिलं.

‘काका, तुमच्या ओळखीचं आहे का कुणी?’

ते माझ्या खांद्यावरून वाकले आणि त्यांनी लाल बटण दाबलं. पट्टा कचकन थांबला. बाटल्या एकमेकींवर आपटल्या, किणकिणल्या, गप्प झाल्या. काकांनी श्वास सोडला. चेहऱ्यावर रंग परत आला.

‘झालं,’ ते म्हणाले. ‘आता नाही यायचं. चल, जेवण निवतंय.’

ते वळले आणि अंगणाकडे चालू लागले. मी उठले, उशी सारखी केली, दिवे घालवायला हात पुढे केला.

काचेसमोर बाटल्यांची रांग निश्चल उभी होती. आतला फेसही विरला होता. आणि प्रत्येक बाटलीत, त्या मोकळ्या रस्त्यावर, ते चालतच होतं.